बाराव्या हेलिक्सची जागा

स्तनाच्या कर्करोगाच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये एक ओळ ठरलेली असते: ‘ईआर पॉझिटिव्ह, ऑलरेड स्कोअर ८/८’. गाठीच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आहे आणि भरपूर आहे, एवढंच ती ओळ सांगते. तो रिसेप्टर कोणत्या आकारात आहे, याबद्दल रिपोर्ट काहीच बोलत नाही. औषध लागू पडणार की नाही, हे मात्र बरंचसं त्या आकारावर ठरतं.

हार्मोन आणि रिसेप्टर म्हटलं की शाळेपासून कुलूप-किल्लीची उपमा दिली जाते. सुरुवातीला ती बरी वाटते, पण इस्ट्रोजेन रिसेप्टरपाशी ती सपशेल कोलमडते. टॅमॉक्सिफेन हे औषध याच रिसेप्टरमध्ये व्यवस्थित बसतं. पण स्तनात ते इस्ट्रोजेनचं काम थांबवतं, हाडात इस्ट्रोजेनसारखं वागतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात तर पेशी वाढवतं. एकच किल्ली एका खोलीत दार लावते आणि दुसऱ्या खोलीत उघडते, असं कुलूप कुणी पाहिलंय? तेव्हा ही उपमा इथेच ठेवू आणि थेट प्रथिनाकडे पाहू.

हा रिसेप्टर सापडला तो त्याच्या कामावरून. शिकागोत एलवुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी ट्रिशियम लावलेलं, म्हणजे किरणोत्सारी, इस्ट्राडायॉल (शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन) वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना अगदी सूक्ष्म मात्रेत टोचलं. स्नायूंत आणि रक्तात ते आलं आणि निघून गेलं. गर्भाशयात मात्र ते तासन्तास टिकलं, आणि रासायनिकदृष्ट्या जसंच्या तसं टिकलं. हार्मोनचं एन्झाइमच्या हातून काहीतरी रूपांतर होतं आणि त्यातून परिणाम घडतो, असा तेव्हा समज होता. जेन्सन यांच्या प्रयोगाने तो मोडीत काढला. हार्मोन बदलत नव्हतं, म्हणजे बदलत होतं ते त्याला धरून ठेवणारं काहीतरी. नेमकं काय बदलतं, हे दिसायला मात्र पुढे जवळपास चाळीस वर्षं गेली.

हा रिसेप्टर, नेमकं नाव ईआर अल्फा, ५९५ अमिनो आम्लांचा, म्हणजे साखळीतल्या तेवढ्या दुव्यांचा, आहे. त्याचे भाग ए पासून एफ पर्यंतच्या अक्षरांनी ओळखले जातात. सुरुवातीचा ए-बी हा साधारण १८० अमिनो आम्लांचा भाग सैल आणि ठराविक घडी नसलेला आहे. त्यातच एएफ-१ नावाचा सक्रियतेचा पट्टा आहे आणि त्याला हार्मोनची फारशी गरज नसते. सी भाग डीएनए पकडतो, डी हा बिजागरीसारखा लवचिक जोड आहे, ई भागात हार्मोनची पोकळी आणि एएफ-२ हा हार्मोनवर चालणारा सक्रियतेचा दुसरा पट्टा आहे. शेवटच्या छोट्या एफ भागाबद्दल इथे फार बोलायचं कारण नाही.

डीएनए पकडणाऱ्या भागाचं एक उदाहरण मात्र द्यायलाच हवं. त्यात दोन झिंक फिंगर असतात आणि प्रत्येकीत जस्ताचा एक अणू सिस्टीन या अमिनो आम्लाच्या चार दुव्यांनी बांधलेला असतो. जस्त काढून घेतलं की घडीच मोडते आणि रिसेप्टर डीएनएला धरू शकत नाही. पहिल्या फिंगरच्या बुडाशी असलेली मोजकी अमिनो आम्लं डीएनएची अक्षरं वाचतात. इस्ट्रोजेन रिसेप्टर एजीजीटीसीए हे अक्षरसमूह उलटसुलट, मध्ये तीन अक्षरांची जागा सोडून, शोधतो. कॉर्टिसोलचा रिसेप्टर एजीएएसीए शोधतो. फिंगरच्या बुडाची फक्त तीन अमिनो आम्लं बदलली की इस्ट्रोजेनचा रिसेप्टर कॉर्टिसोलच्या रिसेप्टरची जनुकं वाचू लागतो, हे १९८९ मध्येच दाखवून झालं होतं. ५९५ पैकी तीन.

आता ई भाग. इथे बारा हेलिक्स, म्हणजे साखळीचे मळसूत्रासारखे वळलेले तुकडे, तीन थरांत रचलेली आहेत आणि मधल्या थराच्या खालच्या टोकाशी हार्मोनची पोकळी आहे. तिचं आकारमान सुमारे ४५० घन अँगस्ट्रॉम, तर इस्ट्राडायॉलचं जेमतेम २४५. म्हणजे पोकळी हार्मोनच्या जवळपास दुप्पट. हार्मोन तिथे ठोकून बसवलेलं नसतं, दोन टोकांना धरलेलं असतं. ए कड्याच्या फिनॉलचं हायड्रॉक्सिल ग्लुटामेट ३५३, आर्जिनिन ३९४ आणि पाण्याचा एक रेणू या तिघांशी हायड्रोजन बंध जोडतं (नावापुढचा आकडा म्हणजे त्या अमिनो आम्लाचा साखळीतला क्रमांक). दुसऱ्या टोकाचं, म्हणजे १७-बीटाचं हायड्रॉक्सिल हिस्टिडीन ५२४ ला धरतं. मधला सगळा भाग तेलकट अमिनो आम्लांनी वेढलेला असतो. पोकळीत ही मोकळी जागा आहे म्हणूनच सोयाबीनमधलं जेनिस्टीन, क्लोमिफीन, टॅमॉक्सिफेन अशी इस्ट्राडायॉलपेक्षा वेगळ्या बांधणीची रसायनं या एकाच जागी येऊन बसतात.

मात्र पोकळीत कोण बसलंय एवढ्यानं निकाल लागत नाही. निकाल लागतो बाराव्या हेलिक्सवर. शेवटाकडचा हा नऊ-दहा अमिनो आम्लांचा छोटा तुकडा, म्हणजे लांबी दीड नॅनोमीटरच्या आसपास. हार्मोन नसताना तो एका जागी स्थिर नसतो. इस्ट्राडायॉल आत आलं की तो पोकळीवर येऊन बसतो आणि तिला बंद करतो. तो तिथे बसला की तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि बाराव्या हेलिक्सच्या मधोमध रिसेप्टरच्या पृष्ठभागावर एक उथळ, तेलकट खाच तयार होते. तिच्या एका टोकाला लायसिन ३६२ चा धन भार, दुसऱ्या टोकाला ग्लुटामेट ५४२ चा ऋण भार. या दोन भारांच्या चिमट्यात कोॲक्टिवेटर, म्हणजे जनुक चालू करायला मदत करणाऱ्या, प्रथिनाचा एक छोटा हेलिक्स नेमका मावतो. त्या हेलिक्सची ओळख म्हणजे ल्यूसिन, कोणतीही दोन अमिनो आम्लं, आणि पुन्हा दोन ल्यूसिन. कोॲक्टिवेटर आला की क्रोमॅटिन, म्हणजे डीएनएची गुंडाळी, मोकळं करणारी यंत्रणा येते आणि जनुक वाचलं जातं. ग्लुटामेट ५४२ हे बाराव्या हेलिक्सवरच आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. ते हेलिक्स जागेवर नसेल तर चिमट्याचा एक पाय गायब.

टॅमॉक्सिफेन नेमकी हीच गोष्ट बिघडवतं. त्याच्या रेणूला नायट्रोजन असलेली एक लांब बाजूची साखळी आहे. मुख्य भाग पोकळीत बसतो, पण ही साखळी मावत नाही. तिसऱ्या आणि अकराव्या हेलिक्सच्या मधून ती बाहेर डोकावते आणि तिचा नायट्रोजन ॲस्पार्टेट ३५१ जवळ येतो. बाराव्या हेलिक्सला जिथे बसायचं असतं, तीच ही वाट. मग ते दुसरीकडे जातं आणि थेट कोॲक्टिवेटरच्या खाचेत जाऊन बसतं. ते तिथे मावतं कसं? त्याच्या स्वतःच्या क्रमात, ५४० ते ५४४ या जागी, ल्यूसिन-ल्यूसिन-ग्लुटामेट-मेथिओनिन-ल्यूसिन आहे. कोॲक्टिवेटरच्या हेलिक्सची ही जवळपास हुबेहूब नक्कल. म्हणजे टॅमॉक्सिफेन दिल्यावर रिसेप्टर स्वतःच्याच एका तुकड्यानं स्वतःची वाट अडवतो. यॉर्क विद्यापीठातल्या गटानं १९९७ मध्ये इस्ट्राडायॉल आणि रॅलॉक्सिफेन (टॅमॉक्सिफेनसारखंच एक औषध) बसलेल्या रिसेप्टरच्या स्फटिकांत बाराव्या हेलिक्सच्या या दोन जागा दाखवल्या. पुढच्याच वर्षी कोॲक्टिवेटरचा तुकडा आणि हायड्रॉक्सिटॅमॉक्सिफेन (टॅमॉक्सिफेनचं शरीरात बनणारं रूप) यांच्या रचना शेजारी ठेवल्यावर ही नक्कल उघड झाली. प्रथिनांच्या रचनाशास्त्रातली याहून देखणी युक्ती क्वचितच दिसते.

बाजूच्या साखळीची दिशा किती महत्त्वाची आहे, हे औषधाच्या जन्मकथेतच दिसतं. आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी १९६० च्या दशकात बनवलेलं आयसीआय ४६,४७४ म्हणजे टॅमॉक्सिफेन. त्याचाच जुळा रेणू आयसीआय ४७,६९९. अणू तेच आणि तितकेच, फक्त मधल्या दुहेरी बंधाभोवतीची मांडणी उलट. पहिला इस्ट्रोजेनचं काम रोखतो, दुसरा इस्ट्रोजेनसारखं काम करतो. क्लोमिफीनच्या गोळीत असे दोन्ही जुळे एकत्रच असतात. कंपनीला टॅमॉक्सिफेन आधी गर्भनिरोधक म्हणून हवं होतं. माणसांत ते उलट बीजकोशाला चालना देतं असं निघालं आणि तो बेत बारगळला. स्तनाच्या कर्करोगासाठी ब्रिटनमध्ये १९७३ साली ते आलं, अमेरिकेत १९७७ साली.

आता गोळीकडे येऊ. रोजची मात्रा २० मिलिग्रॅम, साधारण पाच वर्षं, काही रुग्णांत दहा. पण गोळीतलं टॅमॉक्सिफेन रिसेप्टरला तसं सैलच धरतं, कारण इस्ट्राडायॉलच्या ए कड्यावर असतं तसं फिनॉलचं हायड्रॉक्सिल त्याच्याकडे नाही, आणि ग्लुटामेट ३५३ व आर्जिनिन ३९४ यांना धरायला काही मिळत नाही. ते हायड्रॉक्सिल यकृत लावतं. ४-हायड्रॉक्सिटॅमॉक्सिफेन आणि एंडॉक्सिफेन तयार होतात आणि त्यांची पकड मूळ औषधाच्या जवळपास शंभरपट घट्ट असते. रक्तात एंडॉक्सिफेनचं प्रमाण बरंच जास्त असतं, त्यामुळे बहुतेक भार त्याच्यावरच. ते बनवायला सीवायपी२डी६ हे एन्झाइम लागतं, आणि पॅरॉक्सेटीन व फ्लुऑक्सेटीन ही नैराश्यावरची औषधं नेमकं तेच दाबतात. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला अंगातून वाफा येतात, झोप लागत नाही, म्हणून कुणी पॅरॉक्सेटीन लिहून देतं आणि एंडॉक्सिफेनची पातळी खाली येते. हे टाळता येण्यासारखं आहे: वेनलाफॅक्सिनचा या एन्झाइमवर फारसा दाब पडत नाही. दुसरी तक्रार गोळी विसरण्याची. टॅमॉक्सिफेनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला पाच-सात दिवस लागतात, त्यामुळे एखादी गोळी राहिली तर आकाश कोसळत नाही. महिनाभर मनाला येईल तशी घेतली तर मात्र खाच मोकळी होते.

मग एकच औषध स्तनात रोखतं आणि गर्भाशयात चालना देतं, ते कसं? टॅमॉक्सिफेन एएफ-२, म्हणजे कोॲक्टिवेटरची ती खाच, बंद करतं, पण ए-बी भागातल्या एएफ-१ ला हात लावत नाही. रिसेप्टर तरीही डीएनएवर जाऊन बसतो. ज्या पेशीत एसआरसी-१ सारखे कोॲक्टिवेटर मुबलक असतात, तिथे एएफ-१ एकटाच जनुक चालू करू शकतो. गर्भाशयाच्या अस्तरात असं होतं, स्तनाच्या बहुतेक पेशींत होत नाही. म्हणूनच पाळी थांबलेल्या बाईला टॅमॉक्सिफेनवर असताना रक्तस्राव झाला, अगदी डाग जरी दिसला, तरी ‘गोळीमुळे असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही, अस्तराची तपासणी करायची. रॅलॉक्सिफेनची बाजूची साखळी जास्त ताठ आहे आणि ॲस्पार्टेट ३५१ ला ती अधिक नीट झाकते. त्याचा गर्भाशयावरचा परिणाम कमी असतो, हाडाला मात्र त्याचाही फायदा होतो. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दोघांतही आहे.

याच घराण्यातलं एक औषध महाराष्ट्रातल्या आशाताईंच्या पिशवीत असतं. ‘छाया’ नावाची गर्भनिरोधक गोळी, आधीपासून ‘सहेली’ नावानेही विकली जाणारी. तिच्यातलं ऑर्मेलॉक्सिफेन, म्हणजे सेंटक्रोमन, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत (सीडीआरआय) नित्या आनंद यांच्या गटानं तयार केलं. ते स्टेरॉइड नाही. तेही इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या पोकळीत बसतं आणि गर्भाशयात मुख्यतः इस्ट्रोजेनविरोधी वागतं. बीज सहसा सुटतं, पण अस्तर आणि गर्भ यांचं वेळापत्रक जुळत नाही. गोळी ३० मिलिग्रॅमची. पहिली पाळीच्या पहिल्या दिवशी, दुसरी तीन दिवसांनी, आणि मग आठवड्यातले तेच दोन वार धरून तीन महिने. त्यानंतर पहिल्या गोळीच्या वारी आठवड्यातून एक. रोज न घेता चालते, कारण रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण आठवडा लागतो. सुरुवातीच्या दोन-दोन गोळ्या हे प्रमाण वर नेण्यासाठीच असतात. चुका होतात त्या इथेच: ‘आठवड्यातून एक’ एवढंच ऐकून पहिल्याच आठवड्यापासून एकेक घेतली जाते आणि पातळी वर जातच नाही. गोळी सात दिवसांच्या आत आठवली तर लगेच घ्यायची आणि पुढच्या पाळीपर्यंत निरोध वापरायचा. त्याहून जास्त दिवस गेले तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्याला दोन. पाळी लांबते ही या गोळीची ओळखीची तक्रार आहे. जास्तच लांबली तर गर्भ नाही ना, एवढं तपासून घ्यावं.

आता पुन्हा रिपोर्टाकडे. ‘ईआर पॉझिटिव्ह’ ठरतं ते प्रतिपिंड लावून. प्रतिपिंडाला अख्खा रिसेप्टर दिसत नाही, आठ-दहा अमिनो आम्लांचा एखादा तुकडा दिसतो, आणि तोही उघडा असेल तरच. इथे रसायनशास्त्र आड येतं. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांत बांधतं, त्यामुळे तो तुकडा झाकला जातो. नंतर योग्य पीएचच्या द्रावणात जवळजवळ उकळत्या तापमानाला तापवून तो मोकळा करावा लागतो. फॉर्मलिन कमी पडलं तर रिसेप्टर टिकत नाही, फार झालं तर उलगडत नाही. म्हणून गाठ काढल्यापासून फॉर्मलिनमध्ये पडेपर्यंत एक तासाच्या आत, आणि १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये ६ ते ७२ तास, असा नियम आहे. प्रत्यक्षात शनिवारी दुपारी काढलेला मोठा स्तन तसाच न कापता बाटलीत कोंबला जातो. फॉर्मलिन आत शिरतं तासाला जेमतेम एखादा मिलिमीटर. सोमवारी बाहेरची कड व्यवस्थित टिकलेली असते आणि गाठ असलेला मधला भाग सडलेला. मग रिपोर्ट येतो ‘ईआर निगेटिव्ह’, आणि त्या बाईची पाच वर्षांची गोळी तिथेच हुकते. असा रिपोर्ट हातात पडला की आधी एक गोष्ट पाहावी: त्याच काचेवरच्या निरोगी दुग्धनलिकांची केंद्रकं रंगली आहेत का? त्यातली काही रंगायलाच हवीत. एकही रंगलेली नसेल तर दोष तपासणीचा आहे, गाठीचा नाही, आणि दुसरा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) घेऊन तपासणी पुन्हा करावी. एक टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरतात. एक ते दहा टक्क्यांना आता ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात, कारण अशा गाठी हार्मोनच्या औषधांना कमी भरवशाचा प्रतिसाद देतात.

टॅमॉक्सिफेन हेलिक्सची जागा बदलतं, फुलवेस्ट्रंट त्याच्या पुढे जातं. इस्ट्राडायॉलच्याच सांगाड्याला सातव्या कार्बनवर एक लांबलचक साखळी जोडलेली आहे. ती खोबणीतून बाहेर येऊन बाराव्या हेलिक्सला कुठेच नीट बसू देत नाही. तेलकट पृष्ठभाग उघडा पडलेलं प्रथिन पेशी निकामी समजते आणि मोडून टाकते. तोंडावाटे हे औषध शोषलं जात नाही, म्हणून इंजेक्शन: ५०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच-पाच मिलिलिटरची दोन, एकेका नितंबात एकेक, प्रत्येक एक-दोन मिनिटं घेऊन सावकाश. पहिल्या, पंधराव्या आणि एकोणतिसाव्या दिवशी, पुढे महिन्याला. एरंडेल तेलातलं असल्यामुळे फ्रिजमधून काढून लगेच टोचलं तर फार दुखतं, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. आणखी एक खोच लक्षात ठेवण्यासारखी: रक्तातलं इस्ट्राडायॉल मोजणाऱ्या प्रतिपिंडाच्या चाचण्यांना फुलवेस्ट्रंट इस्ट्राडायॉलसारखंच दिसतं, सांगाडा तोच म्हणून. पाळी गेलेल्या बाईचा आकडा अचानक वाढलेला येतो आणि सगळे हादरतात. अशा वेळी मास स्पेक्ट्रोमेट्रीनं मोजलेला आकडाच धरावा.

ॲरोमाटेज रोखणारी औषधं, लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल, हार्मोनच बनू देत नाहीत. रिसेप्टर रिकामा, बारावं हेलिक्स भरकटलेलं, गाठ शांत. काही वर्षांनी गाठीतल्या एखाद्या पेशीत टायरोसिन ५३७ च्या जागी सेरिन येतं, किंवा ॲस्पार्टेट ५३८ च्या जागी ग्लायसिन. दोन्ही जागा बाराव्या हेलिक्सच्या अगदी मुळाशी आहेत. ५३७ वरचं सेरिन ॲस्पार्टेट ३५१ शी हायड्रोजन बंध जोडतं आणि हेलिक्स हार्मोनशिवायच कामाच्या जागी बसतं. खाच तयार, कोॲक्टिवेटर हजर, जनुक चालू. ५३८ वरचं ग्लायसिन अकराव्या-बाराव्यातला जोड अशा पद्धतीनं वळवतं की हेलिक्स तिथेच घट्ट बसतं. टॅमॉक्सिफेन अशा रिसेप्टरलाही धरतं, पण पकड सैल होते आणि तेवढाच परिणाम साधायला जास्त औषध लागतं. २०१३ मध्ये रुग्णांच्या पसरलेल्या गाठींतून हे बदल पुढे आले. नुकत्याच निदान झालेल्या, उपचार न घेतलेल्या गाठीत ते क्वचित दिसतात, ॲरोमाटेजविरोधी औषधांनंतर बऱ्याच जणींत. यात आश्चर्य नाही: हार्मोन काढून घेतलं की हार्मोनशिवाय चालणाऱ्या पेशीच पुढे उरणार.

अशा गाठीचा आयएचसी, म्हणजे प्रतिपिंड लावून केलेला, रिपोर्ट मात्र तसाच येतो, ठसठशीत पॉझिटिव्ह. एक अमिनो आम्ल बदललंय हे प्रतिपिंडाला कळत नाही, रंग तोच, स्कोअरही तोच. आजार पुढे सरकला की रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या डीएनएवर ईएसआर१ या रिसेप्टरच्या जनुकाची तपासणी करावी लागते. जुन्या ब्लॉकवर करण्यात अर्थ नाही, कारण तो बदल तेव्हा तिथे नव्हताच. तपासणी पॉझिटिव्ह आली तर अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेलं एलासेस्ट्रंट हा पर्याय आहे, तोंडानं घेता येणारा, दिवसाला ३४५ मिलिग्रॅम, जेवणासोबत.

आणि एक प्रकार असा आहे की यातलं काहीच चालत नाही. काही गाठींत ईएसआर१ जनुक मधेच तुटून दुसऱ्या जनुकाला जोडलं जातं. सुरुवातीचे सहा एक्झॉन (जनुकाचे प्रथिनात उतरणारे तुकडे) उरतात, म्हणजे एएफ-१ आणि डीएनए धरणारा भाग जागेवर, पण हार्मोनची पोकळी असलेला ई भाग जवळपास सगळा गेलेला. त्याच्या जागी परक्या प्रथिनाचा तुकडा आणि त्यासोबत त्याची सक्रियता. हा रिसेप्टर जनुकं चालू ठेवतो आणि टॅमॉक्सिफेन, फुलवेस्ट्रंट, एलासेस्ट्रंट या सगळ्यांना बसायला त्याच्यात जागाच नसते. वापरलेलं प्रतिपिंड रिसेप्टरच्या सुरुवातीचा भाग ओळखणारं असेल तर रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ म्हणतो, शेवटचा भाग ओळखणारं असेल तर ‘निगेटिव्ह’. म्हणून पूर्वी ठळक पॉझिटिव्ह असलेली गाठ अचानक निगेटिव्ह आली, किंवा दोन प्रयोगशाळांची उत्तरं जुळली नाहीत, तर कोणत्या क्लोनचं, म्हणजे कोणत्या जातीचं, प्रतिपिंड वापरलं ते आधी विचारून घ्यावं. १डी५ सुरुवातीचं टोक धरतो, एसपी१ शेवटचं.